तुझ्या लेकीसाठी बडी बहनजी

वर्धा,
जानेवारी

प्रिय बाईसाहेब,

तुझा लांबलचक आवाजी निरोप तुरीच्या शेंगा सोलत सोलत ऐकला. म्हणजे तुमच्या तिथल्या मंडळात हळदीकुंकवाच्या दिवशी पोरींनी आपापल्या आईच्या गावच्या एका बाईबद्दल बोलायचं, आणि ती बाई कशी हवी, तर आई, बहीण, मैत्रीण असं सगळं एकीतच असलेली. तुझ्या लेकीनं सिंधुताई सपकाळांचं नाव दिलं, तर त्या कुणा पुण्याच्या पोरीनं आधीच पटकावलेल्या! चिडू नको. सिंधुताईंची पिंपरी मेघे आपल्या वर्ध्याला खेटून असली तरी माई आता साऱ्यांच्याच झाल्या. आणि एका अर्थी बरंच झालं. माईंची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. तू लेकीला बडी बहनजींचं, म्हणजे डॉ. सुशीला नायरांचं, नाव सुचवलंस ते मला फार आवडलं. पण पुढे म्हणतेस, "दोन वाक्यांच्या वर मलाच काही येईना." काहून येत नाही, बाप्पा? तुझा जन्म त्यांच्याच कस्तुरबा दवाखान्यातला, माझा कस्तुरबातला, आपल्या दोघींच्या आयांनी त्याच वॉर्डात आपल्याला पहिल्यांदा रडताना ऐकलं. बरं, योगायोग बघ. बहनजी गेल्या ३ जानेवारी २००१ ला आणि माई ४ जानेवारी २०२२ ला. वर्ध्याच्या दोन आयांच्या पुण्यतिथ्या लागोपाठ येतात.

आता मी सांगते तसं लिहून घे आणि पोरीला निवडू दे. मी पडले शाळामास्तरीण, सनावळ्या येणारच. पण तिला एक बजावून ठेव, पदांची यादी वाचायची नाही. ती मी इथेच उरकून टाकते. डॉ. सुशीला नायर १९५२ ते ५५ दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री, मग तिथल्याच विधानसभेच्या अध्यक्ष, १९५७ पासून झाशीच्या खासदार, १९६२ ते ६७ देशाच्या आरोग्यमंत्री, १९७७ मध्ये जनता पक्षाकडून झाशीतूनच पुन्हा खासदार. झालं, टाळ्या. यातलं एकही पद आपल्याकडे कुणाला आठवत नाही. सेवाग्रामात "बडी बहनजी" म्हटलं की पुरतं.

आणखी एक, पोरीला आधीच सावध कर. "नायर" ऐकून तिथली मंडळी त्यांना केरळच्या ठरवतील. इथेही पुष्कळ जण तसंच समजतात. बहनजी पक्क्या पंजाबी. २६ डिसेंबर १९१४ चा जन्म, गुजरात जिल्ह्यातल्या कुंजाहचा. हा गुजरात म्हणजे पंजाबातला जिल्हा, आता पाकिस्तानात गेलेला. वडील त्या लहान असतानाच वारले. मोठे भाऊ प्यारेलाल, म्हणजे पुढे गांधीजींचे सचिव झाले तेच. १९२० मध्ये एम. ए.चा अभ्यास अर्ध्यावर टाकून ते गांधीजींकडे निघून गेले. विधवा आई, हाताशी आलेला मुलगा, आणि तो असा घर सोडून गेलेला. ती माउली गांधीजींना जाऊन भेटली, माझा मुलगा मला परत द्या म्हणाली. मुलगा काही परत मिळाला नाही. उलट पुढे लेकही तिकडेच गेली! मला या बाईचं फार वाटतं. स्वातंत्र्याच्या लढ्यात कोण कोण तुरुंगात गेलं त्याच्या याद्या सापडतात. घरात वाट बघत बसलेल्या आयांच्या सापडत नाहीत.

दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात बहनजी शिकल्या, एम. बी. बी. एस. झाल्या, एम. डी. झाल्या. तीसच्या दशकाच्या शेवटी सेवाग्रामला आल्या त्या भावाला भेटायला, आणि राहिल्या. तेव्हाचं सेगाव, म्हणजे आजचं सेवाग्राम, कसं होतं ते तू आजीकडून ऐकलंच असशील. बापू तिथे आले ३० एप्रिल १९३६ ला. आपल्याकडचा तो उन्हाळा डोळ्यांसमोर आण म्हणजे माणूस किती हट्टी होता ते कळेल. धड रस्ता नाही, मलेरिया घरोघर, खुद्द बापूंना तो झाला. साप इतके की बापूकुटीत साप पकडायचा चिमटा आणि पेटी अजून ठेवलेली आहे, लहानपणी आपण तीच बघायला पुन्हा पुन्हा जात होतो. अशा गावात कॉलऱ्याची साथ आली आणि ही विशी-पंचविशीतली दिल्लीची डॉक्टरीण तीत उतरली. तिथून त्या बापूंच्या डॉक्टर झाल्या, बांच्या, म्हणजे कस्तुरबांच्या, डॉक्टर झाल्या, आश्रमाच्या झाल्या आणि मग गावाच्या झाल्या.

मैत्रीण म्हणशील तर त्या बांच्या. हे ऐकायला जरा विचित्र वाटतं. बा १८६९ च्या, म्हणजे दोघींत पंचेचाळीस वर्षांचं अंतर. एक काठेवाडातली जेमतेम अक्षरओळख झालेली बाई, दुसरी एम. डी. पण मैत्री वय आणि पदवी विचारून होत नाही, आपलंच बघ ना, तू गणितात पहिली आणि मी काठावर पास. वनमाला पारीख आणि बहनजी, दोघींचं मिळून बांवरचं एक पुस्तक आहे, "हमारी बा". लेकीला हिंदी वाचता येत असेल तर तेवढं तरी वाचायला दे. बापूंवरची पुस्तकं ढिगाने आहेत, पण बांकडे कुणी असं जवळ बसून पाहिलेलं फार थोडं आहे. बांचा हट्ट, बांचा रुसवा, बांचं देवधर्म करणं, कुणाला काय खायला आवडतं ते लक्षात ठेवणं, हे सगळं टिपायला शेजारी एक बाई असावी लागली.

आता जरा थांबून सांगते, कारण माझ्या मते सगळी बहनजी इथेच आहे.

९ ऑगस्ट १९४२. पहाटे मुंबईत बापूंना पकडून नेलं. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा ठरलेली. आता कोण बोलणार? बा म्हणाल्या, मी बोलते. त्र्याहत्तर वर्षांची बाई, छातीचं दुखणं लागलेलं. सरकारनं त्यांनाही पकडलं आणि सोबत बहनजींनाही. आधी आर्थर रोडच्या तुरुंगात ठेवलं. तिथे बांना जुलाब सुरू झाले आणि या डॉक्टरणीजवळ द्यायला काही नाही. दोन दिवसांनी दोघींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये बापूंकडे नेलं. राजवाडाच तो, पण भोवती तारांचं कुंपण. तिथे जाऊन चार दिवस होतात न होतात तोच १५ ऑगस्टला सकाळी बापूंचे सचिव महादेवभाई देसाई बोलता बोलता कोसळले. पन्नास वर्षांचे होते. बंदिवानांत डॉक्टर एकच, बहनजी. वय सत्तावीस. काय करता येईल ते केलं, आणि काही करता आलं नाही. बापू "महादेव, महादेव" हाका मारत राहिले. पाच वर्षांनी याच तारखेला देश स्वतंत्र झाला. आपण शाळेत झेंडावंदनाला दरवर्षी लाडू खाल्ले, पण या १५ ऑगस्टचं कुणी बोललं नाही. मी मात्र शिक्षिका झाल्यावर मुलांना सांगत आले.

महादेवभाईंना राजवाड्याच्या आवारातच अग्नी दिला. बापू रोज तिथे फुलं वाहायला जात. बांनी तर त्या जागेला देऊळच करून टाकलं होतं, महादेवाचं. आणि मग सुरू झालं ते लांबलचक बंदिवासातलं घर. मला तिथलं कॅरमचं फार आवडतं. बांना कॅरम खेळायचा नाद लागला! बापूंच्या शिष्या मीराबेन त्यांच्या जोडीला असत. बापू बांना भूगोल शिकवायचे आणि बांच्या डोक्यात तो काही केल्या बसायचा नाही. चौऱ्याहत्तरीची बाई, पुढ्यात नकाशा, समोर मास्तर म्हणून साक्षात नवरा. मी त्या बांच्या जागी असते तर मीही कॅरमच खेळले असते. बहनजींनी त्या दिवसांची रोजनिशी ठेवली, पुढे तिचं "बापू की कारावास-कहानी" हे पुस्तक झालं. फेब्रुवारी १९४३ मध्ये बापूंनी एकवीस दिवसांचा उपवास केला, तेव्हाही उशाशी बसून नाडी बघणाऱ्यांत त्याच.

आणि मग बांचं हृदय थकत गेलं. सोबत कैदेत असलेले डॉ. गिल्डर होते, बहनजी होत्या, पण औषधांनी भागेना. शेवटी मुलानं, देवदास गांधींनी, कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलीन मागवलं. १९४४ साल आहे हे लक्षात घे. हे औषध तेव्हा आपल्या देशात दिसणंही मुश्कील होतं, डॉक्टरांनीही त्याचं फक्त नाव ऐकलेलं. ते आलं, आणि बापूंना कळलं की दर काही तासांनी सुई टोचायची आहे. ते म्हणाले, आता हिला टोचू नका, रामाच्या भरवशावर सोडा. मुलानं वाद घातला आणि अखेर मान तुकवली. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र होती. संध्याकाळी बापूंच्या मांडीवर डोकं ठेवून बा गेल्या. बापूंनी स्वतः कातलेल्या सुताचं लुगडं त्यांना नेसवलं. अस्थी वेचताना हातातल्या पाच काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या. तुझी आजी ही बांगड्यांची गोष्ट सांगताना नेहमी पदर डोळ्यांना लावायची.

मी मात्र त्या खोलीत उभ्या असलेल्या बहनजींचा विचार करते. औषध आणलेलं आहे, सुई देता येते, हात शिकलेला आहे. आणि द्यायचं नाही. पेनिसिलीननं बा वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. फार उशीर झाला होता, हृदयच खचलेलं होतं. बापूंना दोष द्यावा की नाही यावर इथे वर्ध्यात लोक अजून भांडतात, आणि गांधी जयंतीच्या आसपास तर फारच. मला कुणाची बाजू घ्यायची नाही. पण एका डॉक्टरनं आपल्या जिवाभावाच्या माणसाच्या उशाशी हात बांधून उभं राहायचं, हे काही केल्या माझ्या गळी उतरत नाही. माझं आपलं मत असं, की आपला कस्तुरबा दवाखाना खरा सुरू झाला तो त्या राजवाड्यात. सेवाग्रामात तो वर्षभरानं उघडला एवढंच. पंधरा खाटा, आणि त्याही बायका-मुलांसाठी. बांच्या नावानं सुरू झालेला दवाखाना बायका-मुलांचाच का, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि पुढे ऐक, आणखी वाईट आहे. ३० जानेवारी १९४८ ला बहनजी दिल्लीत नव्हत्याच. बापूंनीच त्यांना पाकिस्तानात बहावलपूरला पाठवलं होतं, तिथे अडकलेल्या हिंदू-शिखांचे हाल काय आहेत ते बघायला. बापूंची डॉक्टर सीमेपलीकडे, आणि इकडे बिर्ला हाउसच्या हिरवळीवर तीन गोळ्या. त्या गोळ्यांपुढे कुठल्याच डॉक्टरचं काही चाललं नसतं. पण मन असलं गणित मानत नाही.

त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, जॉन्स हॉपकिन्सला. शिकल्या काय, तर सार्वजनिक आरोग्य. उशाशी बसून नाडी बघणारी डॉक्टरीण आता पाणी, गटारं, लस, बाळंतपणं यांचं शास्त्र शिकायला गेली. माझ्यासारख्या बाईला यात एक सरळ धागा दिसतो. माणूस खाटेवर येऊन पडला की फार उशीर झालेला असतो, त्याच्या घरीच आधी गेलं पाहिजे. दोन पदव्या घेऊन १९५० मध्ये परतल्या आणि निर्वासितांच्या फरिदाबादमध्ये क्षयरोग्यांसाठी काम सुरू केलं. मग मंत्रिपदं वगैरे, ते वर उरकलं आहे.

आता आपलं कॉलेज. खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढून बघा, असं लालबहादूर शास्त्रींनी सुचवलं म्हणतात. निघालं १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षी. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, साठ मुलामुलींची पहिली तुकडी, आणि देशातलं खेड्यातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. शहाण्या लोकांनी तेव्हा हसून घेतलं असणार. आठ किलोमीटरवर वर्धा, ते तरी काय मोठं शहर, आणि या पंधरा खाटांपासून वाढलेल्या दवाखान्यात डॉक्टर घडवायचे! आज तिथे हजाराच्या आसपास खाटा आहेत. आपल्याकडे अजून "सेवाग्रामला नेलं" म्हटलं की कुणी आश्रम बघायला नेलं असं समजत नाही. लगेच पुढचा प्रश्न, "काहून? काय झालं?"

तुला आठवतं का, त्यांच्या प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गांधी. हैदराबादहून, दिल्लीहून, कुठून कुठून पोट्टे यायचे आणि रेल्वेत बसून "सत्याचे प्रयोग" घोकत यायचे. देशभरची 'नीट' परीक्षा आली आणि तो पेपर गेला. गेला ते बरं की वाईट, माझं अजून ठरत नाही. घोकून कुणी गांधीवादी होत नाही हे खरं. पण डॉक्टर व्हायला निघालेल्या अठरा वर्षांच्या पोरानं आयुष्यात एकदा तरी, मार्कांसाठी का होईना, ते पुस्तक उघडलं, हेही काही कमी नव्हतं.

प्रवेश मिळाला की पहिले पंधरा दिवस आश्रमात शिबिर. सूतकताई, प्रार्थना, झाडलोट, संडास सफाईसुद्धा. ज्यांनी घरी स्वतःचं ताट उचललं नाही ती मुलं तिथे खराटा हातात घेतात. मग खादी, शाकाहार, सर्वधर्म प्रार्थना, श्रमदान. बहनजींचा धाक असा की त्या येताहेत कळलं की वॉर्डातली चादर आपोआप सरळ व्हायची, असं जुने लोक सांगतात. आता तुला खरं बोलते, खादीचा हट्ट मला कधीच पुरता पटला नाही. बापूंनी खादी निवडली होती, बहनजींनीही. या मुलांच्या अंगावर ती घातली गेली. निवडलेलं व्रत आणि नेमून दिलेला गणवेश यांत फरक राहतोच. ओळखीची एक डॉक्टरीण सांगते, वर्ध्याला सिनेमाला जाताना पिशवीत दुसरा जोड असायचा आणि कपडे बदलायला मैत्रिणीची खोली ठरलेली! पण हीच बाई आता पन्नाशीत आपण होऊन खादी नेसते. मी विचारलं तर म्हणाली, "उन्हाळ्यात बरी पडते." मी मान डोलावली. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हे कारण पुरेसं आहेच.

दारूबद्दलही बहनजींचं तसंच, दारूबंदीसाठी त्या अखेरपर्यंत झगडल्या. आपला जिल्हा कागदावर अजूनही कोरडाच आहे, आणि कागदाबाहेर काय आहे ते तू माहेरी आलीस की बघतेसच.

पण एका गोष्टीपुढे मी मुकाट्यानं हात जोडते. दरवर्षीची नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. मुलं त्या गावात जाऊन राहतात, एकेका विद्यार्थ्याकडे काही घरं नेमून दिलेली असतात, आणि शिबिर संपलं तरी पुढची काही वर्षं त्या घरांशी जाणंयेणं ठेवायचं. म्हणजे पुस्तकात "रक्तक्षय" वाचण्याआधी ज्या बाईला तो झालाय तिच्या चुलीपाशी बसून चहा प्यायचा. तिच्या घरात दूध कुणाच्या वाट्याला येतं, ती जेवते कधी, विहीर किती लांब आहे, हे डोळ्यांनी बघायचं. सुनेला सासूदेखत काही बोलता येत नाही हेही त्या पोरांना तिथेच कळतं. एखाद्या पोराला दहा वर्षांनी दिल्लीच्या काचेच्या दवाखान्यात बसल्यावर ती बाई आठवत असेल का? सगळ्यांना नसेल. काहींना असेल.

आणि ज्वारीचं विसरू नको! हे तुझ्या लेकीनं सांगितलंच पाहिजे, तिथले लोक विमा विमा करत असतात ना. कस्तुरबा दवाखान्यानं आसपासच्या गावांत आरोग्य विमा काढला, आणि हप्ता घेतला तो ज्वारीत. सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो पण खळ्यावर धान्य असतं, म्हणून ज्याची जशी ऐपत तशी ज्वारी द्यायची. जास्त शेत असलेल्यानं जास्त, मजुरानं थोडी. गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच योजना चालू. मग अचानक आलेलं मोठं दुखणं फुकट बघायचं आणि आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींना, जसं साधं बाळंतपण किंवा मोतीबिंदू, थोडा पैसा घ्यायचा. डॉ. उल्हास जाजूंनी हे काम ऐंशीच्या दशकात उभं केलं. कल्पना बहनजींची होती असं मी म्हणणार नाही, श्रेय ज्याचं त्याला द्यावं. पण असला प्रयोग करू देणारी संस्था त्यांनी उभी केली होती. दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या कचेरीत कुणी ज्वारीची पोती उतरवून घेतली असती, सांग.

या सगळ्या पसाऱ्यात बहनजींनी लग्न केलं नाही, घर केलं नाही. तरी आई कुणाची, हे मी तुला काय सांगू? ज्या वॉर्डात पाळणे हलत राहिले तिथे विचार. मला त्यांचं बहीणपण जास्त भावतं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. प्यारेलालजींनी बापूंच्या मोठ्या चरित्राचं काम अंगावर घेतलं होतं. खंडांमागून खंड, कागदांचे डोंगर. १९८२ मध्ये ते गेले, काम अर्धवट टाकून. बहनजी तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या, एका अख्ख्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भार डोक्यावर. त्यांनी भावाचे कागद घेतले आणि पुढचे खंड लिहून काढले. मिठाचा सत्याग्रह, स्वराज्याची तयारी, शेवटचा लढा, एकेक खंड जाडजूड. ज्या भावामागून ती पोर घर सोडून आली, त्या भावाचं राहिलेलं लिखाण तिनं म्हातारपणी पुरं केलं. आईनं गांधींकडे मुलगा परत मागितला होता ना, तिला हे बघायला मिळालं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

एक अवघड गोष्ट. सभेत कुणी ना कुणी उठून बापूंच्या ब्रह्मचर्याच्या प्रयोगांचं विचारणारच, आणि बहनजींचं नाव त्यात येतं. लेकीला सांग, गडबडू नको आणि झाकूही नको. वेद मेहतांनी बापूंच्या सहवासातल्या लोकांना भेटून पुस्तक लिहिलं, त्यात बहनजी स्वतः मोकळेपणानं बोलल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं, की आधी या सहवासाला प्रयोग वगैरे कुणी म्हणत नव्हतं, निसर्गोपचाराचाच तो भाग मानत. लोक प्रश्न विचारू लागले तेव्हा प्रयोग ही कल्पना पुढे आली. यात बापूंची बाजू पडते की सावरते, ज्यानं त्यानं ठरवावं. मला स्वतःला ते प्रयोग पटत नाहीत, आणि त्या तरुण बायकांना खरंच नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न मनातून जात नाही. पण ज्या बाईनं हे न लपवता सांगितलं तिचं सगळं आयुष्य तेवढ्याच एका प्रश्नात बसवायचं, हेही मला मंजूर नाही. इतकं बोलली तरी पुरे.

शेवटची वर्षं त्या सेवाग्रामातच होत्या. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी तिथेच गेल्या. दिल्लीत मंत्रिपद भूषवलेली कितीतरी माणसं दिल्लीतच म्हातारी होतात, बंगला सुटत नाही. या बाई इथल्या उन्हात, इथल्या धुळीत परत आल्या आणि राहिल्या. परवा माझ्या शेजारच्या पोरीला तिथेच मुलगी झाली. मी डबा घेऊन गेले तर बाळंतिणीशेजारच्या खाटेवर यवतमाळकडची एक म्हातारी आपल्या सुनेला दटावत होती, "अवो, पाणी पी, पाणी. डॉक्टरीणबाईनं सांगतलं ना तुले!" त्या म्हातारीला बडी बहनजी कोण हे माहीत असायचं काही कारण नाही, आणि मीही सांगत बसले नाही. डबा दिला, बाळाचं नाक बघितलं, आपल्या पद्धतीनं "बापावर गेलंय" म्हणून आले.

बाकी इकडचं ठीक. कापसाला भाव नाही म्हणून घरोघर तीच रड. पुढच्या महिन्यात भाच्याची मुलगी तुमच्याकडे येते आहे, तिच्यासोबत गोरसपाकाचे दोन डबे देते, एक तुझा आणि एक लेकीचा. तू दोन्ही फस्त करशील हे माहीत असूनही देते. भाषण झालं की चित्रफीत पाठव. आणि तिला म्हणावं, वेळ कमी मिळाला तर मंत्रिपदं गाळ, ज्वारी ठेव.

तुझी,
काठावर पास